तीन डॉक्टर आणि गोळ्यांची पिशवी: एक प्रकरण

रुग्ण स्त्री, वय ६७. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात वरच्या अंगाला गाव. मालक वारलेले, मुलगा नवी मुंबईत कोपरखैरण्याला. चौदा वर्षांपासून साखर, नऊ वर्षांपासून बीपी. साखरेसाठी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, बीपीसाठी रात्री अ‍ॅम्लोडिपिन. गुडघे दुखतात, पण ही तक्रार कुठल्याच केसपेपरवर नाही. तिच्याकडे पुढे येऊ. गावात सगळे त्यांना आक्का म्हणतात, तेच नाव इथे ठेवतो.

हे प्रकरण तरुण डॉक्टरांबरोबरच्या चर्चेसाठी जुळवलेलं आहे. आक्का ही एकच बाई नव्हे, अशा अनेक पेशंटांच्या हकिकती तिच्यात आल्या आहेत. अभ्यासांचे आकडे आणि नियम मात्र खरे आहेत. प्रश्न असा: फोनच्या पडद्यावरून सल्ला देणारा डॉक्टर ओळखीचा असला किंवा अनोळखी असला, तर पेशंटच्या वागण्यात काय फरक पडतो? ओळखीचा बरा, असं कोणीही म्हणेल. आक्काही तेच म्हणतात. प्रत्यक्षात त्या वागल्या मात्र वेगळ्या.

जुलै

आक्कांचे डॉक्टर पाटणला बसतात. एमबीबीएस, साठी ओलांडलेले, तीस वर्षांची प्रॅक्टिस. मालकांच्या शेवटच्या दुखण्यात तेच घरी येऊन बघून जायचे. फेब्रुवारीत आक्का तपासायला गेल्या तेव्हा बीपी वर होतं, म्हणून त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ ची १० केली आणि दोन महिन्यांनी यायला सांगितलं. मग लग्नसराई आली, मग भाताची कामं, मग पाऊस. जुलैत दोन्ही घोट्यांवर सूज आली आणि उठताना गरगरायला लागलं. गावाला एसटी दिवसातून दोनदा, त्यातली सकाळची ओढ्याला पाणी आलं की येत नाही. मुलाला हे सगळं शेजारणीच्या फोनवरून कळलं.

मुलाच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात आईवडिलांना ऑनलाइन डॉक्टरचा सल्ला फुकट होता. त्याने त्याच संध्याकाळची वेळ घेतली. मुलगा कोपरखैरण्याहून, आक्का पुतण्याच्या पोराच्या फोनवर आणि डॉक्टर तिसऱ्याच शहरातून. डॉक्टर एमडी होते, हिंदी बोलत होते आणि आक्कांना "माताजी" म्हणत होते. प्रश्न मुद्देसूद: सूज एका पायाला की दोन्ही, सकाळी असते की संध्याकाळी वाढते, दम लागतो का, झोपताना उशा जास्त घ्याव्या लागतात का, लघवी कमी झाली का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, दुखण्याच्या गोळ्या घेता का. उत्तरं मुलगा देत गेला. दुखण्याच्या गोळ्यांना त्याने ठामपणे नाही म्हटलं, कारण त्याला ठाऊकच नव्हतं. आक्का पडद्याच्या कोपऱ्यात बसून होत्या. त्यांना थेट विचारलेला प्रश्न एकच, आणि तो त्यांना नीट ऐकू आला नाही.

डॉक्टरांनी औषध बदललं नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवी आणि ईसीजी करायला सांगितलं, दोन दिवसांत प्रत्यक्ष दाखवायला सांगितलं, आणि दम लागला तर वाट न बघता दवाखाना गाठा, हे दोनदा बजावलं. नोंदणी क्रमांकासकट चिठ्ठी पीडीएफमध्ये आली. तिन्ही भेटींच्या कागदांत हा कागद सगळ्यांत नीट आहे. आक्कांचं मत वेगळं. "गोळीसुदिक दिली न्हाई. त्येला काय कळलंच न्हाई बघ." मुलालाही वाटलं की टेस्ट लिहून दिल्या आणि सुटले.

या जागी चर्चेत मी जरा थांबतो. बाई समोर नाही, पोट-छाती तपासता येत नाही, हातात एकही रिपोर्ट नाही. अशा वेळी नवी गोळी न लिहिणं हा शहाणपणा आहे. अनोळखी माणसाच्या तोंडून आला म्हणून तो अडाणीपणा ठरला. पाटणच्या डॉक्टरांनी "आत्ता गोळी नको, आधी रक्त तपासू" म्हटलं असतं, तर आक्का गावभर सांगत फिरल्या असत्या की आमचे डॉक्टर उगाच गोळ्या मारत नाहीत. अनोळखी डॉक्टरला संयम परवडत नाही. दोन-चार गोळ्या लिहिल्या तर पेशंट खूश, नाही लिहिल्या तर पेशंट नाराज, आणि पुढची भेट कोणाशी होईल हे दोघांनाही माहीत नाही. ऑनलाइन सल्ल्यात नको तिथे औषधं का लिहिली जातात, याचं एक उत्तर इथे आहे.

टेस्ट झाल्या नाहीत. ईसीजीसाठी पाटणला जायचं, तर मग आपल्याच डॉक्टरांना का दाखवू नये, हा आक्कांचा सवाल रास्त होता. पण पाऊस थांबेना, म्हणून तीन दिवसांनी पुतण्याच्या पोराने पाटणच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लावून दिला.

दुसरी भेट

आक्कांनी डोक्यावर पदर घेतला आणि दवाखान्यात बाकावर बसतात तशा सावरून बसल्या. पहिल्या कॉलला त्यांनी असं काही केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "काय आक्का, भात लावलं का?" भाताचं झालं, म्हशीचं झालं, मग पाय. पोराने फोन पायाशी नेला. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबून धरायला सांगितला, खळगा राहतो का ते पाहिलं. राहत होता. "गोळी वाढवली ना आपण, तिच्यानं येते अशी सूज. उद्यापासून अर्धी घ्या. लोणचं बंद. उघडीप झाली की या." सगळं मिळून तीन मिनिटं. पैशांचा विषय निघाला नाही. फोनवर कसले पैसे घ्यायचे, असं या पिढीच्या डॉक्टरांचं मत असतं, आणि याच कारणाने पेशंट त्यांना पुन्हा फोन करायला संकोचतो. फुकटची भेट छोटीच होते.

अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते आणि डोस वाढला की ती जास्त दिसते. डॉक्टरांनीच फेब्रुवारीत डोस वाढवला होता, ते त्यांच्या लक्षात होतं. अ‍ॅपवरच्या डॉक्टरला हा धागा सापडणं अवघड होतं, कारण गोळी कधी वाढली हे मुलाला सांगता आलं नव्हतं. ओळखीचा फायदा म्हणतात तो हाच: मागचं सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

पण मागचं माहीत असल्यामुळेच पुढचं विचारलं गेलं नाही. दम, उशा, लघवी, दुसऱ्या गोळ्या, यातला एकही प्रश्न दुसऱ्या भेटीत आला नाही. पहिल्याला प्रश्न ठाऊक होते आणि उत्तर द्यायला चुकीचा माणूस बसला होता. दुसऱ्यासमोर बरोबर माणूस होता, आणि उत्तर आधीच तयार होतं.

आक्का खूश झाल्या. "त्यास्नी सगळं म्हाईत हाय," म्हणाल्या.

पिशवी

आठवडा गेला. सूज उतरली नाही, उलट सकाळी डोळ्यांखालीही दिसायला लागली. आशाताई घरी आल्या होत्या, त्यांनी आक्कांना हाताला धरून उपकेंद्रात नेलं. तिथे सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बसतात. आधी बीपी: १६८/९४. साखर १८२. लघवीच्या पट्टीवर प्रथिनं एक अधिक. मग ई-संजीवनीवर डॉक्टरला जोडायचं ठरलं.

ई-संजीवनी ही केंद्र सरकारची सेवा. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती आरोग्य केंद्रातून डॉक्टरला जोडण्यासाठी सुरू झाली, आणि लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० पासून, घरबसल्या सल्ल्याची सोय आली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत १० कोटी सल्ले झाले होते. पलीकडचा डॉक्टर पेशंटच्या ओळखीचा असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. पण उपकेंद्रातून जोडलं जातं तेव्हा पेशंटच्या शेजारी सीएचओ बसलेली असते, आणि ती ओळखीची असते.

कॉल जोडेपर्यंत सीएचओ म्हणाल्या, "मावशी, गोळ्या आणल्यात का? द्या इकडे सगळ्या." आक्कांनी कमरेची पिशवी काढली. कापड-दुकानाची जुनी प्लॅस्टिकची पिशवी, आत कात्रीने चार-चार गोळ्यांचे कापलेले तुकडे, काहींवरचं नाव कापताना गेलेलं. मेटफॉर्मिन ओळखू आली. अ‍ॅम्लोडिपिन १० ची होती, अर्धी करताना भुगा झालेली. तळाशी डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळीची न कापलेली पट्टी, दोनच गोळ्या शिल्लक. सीएचओने ती वर धरून कॅमेऱ्याला दाखवली.

पलीकडच्या डॉक्टरने मराठीत विचारलं, ही किती दिवस घेताय? आक्का म्हणाल्या, दिवाळीपासून. रोज एक, चालणं जास्त झालं तर दोन. कोणी दिली? गावातल्या किराणा-मेडिकलवाल्याने. हे सांगताना त्या जराही अडखळल्या नाहीत.

डायक्लोफिनॅकच्या जातीच्या वेदनाशामकांनी अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं, बीपीच्या गोळ्यांचा असर कमी पडतो आणि किडनीवर ताण येतो. फेब्रुवारीत बीपी वर का होतं, याचा उलगडाही बहुधा याच पट्टीत होता. गोळी वाढवली कारण बीपी वाढलं. बीपी वाढलं कारण पट्टी चालू होती. सूज दोन्हींनी मिळून आणली. अ‍ॅम्लोडिपिन अर्धी केल्यावर बीपीला आणखी वाव मिळाला.

ई-संजीवनीच्या डॉक्टरने ती गोळी त्याच दिवशी बंद करायला सांगितली आणि क्रिएटिनिनसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. आकडा १.५ आला. सीएचओने सगळं एका कागदावर लिहून पाटणच्या डॉक्टरांकडे पाठवलं, वर फोनही केला. चार आठवड्यांनी क्रिएटिनिन १.१ वर आलं, सूज गेली. मग डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ वर ठेवून बीपीची दुसरी गोळी, टेल्मिसार्टन ४०, जोडली.

गुडघ्याच्या गोळीचं पाटणच्या डॉक्टरांना का सांगितलं नाही, असं नंतर विचारल्यावर आक्का म्हणाल्या, "मागं एकदा वरडलं हुतं, अशा गोळ्या खायाच्या न्हाईत म्हणून. परत कसं सांगायचं?" आणि ई-संजीवनीच्या डॉक्टरला? "ते कुठं मला वळखत्यात? वरडलं तरी परत गाठ न्हाई पडायची."

आकडे काय सांगतात

अमेरिकेत बीएमसी हेल्थ सर्व्हिसेस रिसर्च या नियतकालिकात २०१७ मध्ये एक देशव्यापी पाहणी छापून आली. ४,३४५ लोकांना विचारलं की व्हिडिओवर सल्ला घ्यायची तयारी आहे का. स्वतःच्या डॉक्टरकडून घ्यायला ५२ टक्के तयार होते, त्याच संस्थेतल्या दुसऱ्या डॉक्टरकडून ३५ टक्के, आणि दुसऱ्याच संस्थेतल्या डॉक्टरकडून १९ टक्के. वर्गात सगळे ५२ आणि १९ मधला फरक वहीत उतरवतात. मला मधला ३५ चा आकडा जास्त बोलका वाटतो. तो डॉक्टरही अनोळखीच, पण त्याला ओळखीच्या जागेचा आधार आहे: माझा केसपेपर तिथे आहे, काही बिनसलं तर कोणाच्या दारात जायचं ते ठाऊक आहे. उपकेंद्रात आक्का बोलत्या झाल्या त्यात या आधाराचा वाटा होता. सीएचओ शेजारी नसती तर पिशवी उघडलीच नसती.

ही पाहणी तयारीची आहे. प्रत्यक्ष काय घडतं ते कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात पाहिलं गेलं. एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ या वर्षातल्या लाखो पेशंटांच्या फोन-व्हिडिओ भेटी तपासल्या. जुळत्या पेशंटांची तुलना केली तेव्हा स्वतःच्या फॅमिली डॉक्टरऐवजी बाहेरच्या डॉक्टरशी बोललेले लोक पुढच्या सात दिवसांत इमर्जन्सी विभागात जाण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांनी जास्त निघालं. हा अभ्यास २०२३ मध्ये जामा नेटवर्क ओपनमध्ये आला. मूळ प्रमाण लहान आहे, शंभरात दोन-तीन माणसं, आणि असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही. ज्याला आजच्या आज कोणीतरी हवा आहे तोच बाहेरचा डॉक्टर शोधतो, हेही आहे. पण आक्कांची पहिली भेट आठवा. औषध बदललं नाही, "प्रत्यक्ष दाखवा" सांगितलं. त्या ऑन्टारिओत असत्या तर त्या इमर्जन्सीच्या आकड्यात मोजल्या गेल्या असत्या, आणि डॉक्टरचं चुकलं असं म्हणता आलं नसतं.

उलट बाजू महाराष्ट्रानेच पाहिली आहे. रत्नागिरीत प्रसूतीनंतर घरी गेलेल्या एका बाईला त्रास सुरू झाल्यावर, तिच्याच डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितल्याचं प्रकरण २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलं. बाई दगावली होती. न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, आणि राज्यभर डॉक्टर फोनवर "ताप असेल तर पॅरासिटामॉल घ्या" म्हणायलाही कचरू लागले. इथे डॉक्टर अनोळखी नव्हते.

टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याचे, नियम २५ मार्च २०२० ला आले, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी. त्यांत पहिली भेट आणि फॉलो-अप असा भेद आहे, आणि कोणत्या भेटीत काय लिहिता येईल ते त्यावर ठरतं. चालू असलेल्या बीपी-साखरेच्या गोळ्या फॉलो-अपमध्ये पुन्हा लिहून देता येतात. त्याच आजारासाठी जोडीला नवी गोळी वाढवायची तरी फॉलो-अपच हवा. फॉलो-अप म्हणजे त्याच डॉक्टरने, त्याच आजारासाठी, सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलेलं असणं. त्या आजाराच्या कक्षेत न बसणारी नवी लक्षणं आली किंवा मागच्या उपचाराचा संदर्भ डॉक्टरच्या लक्षात नसला, तर ओळख असूनही ती पहिलीच भेट धरायची. हे वाक्य मी वर्गात मोठ्याने वाचतो. आक्कांची फेब्रुवारीची भेट सहा महिन्यांच्या आतली होती, संदर्भ डॉक्टरांना तोंडपाठ होता. पण सूज हे नवं लक्षण. ते बीपीच्या कक्षेत धरायचं की बाहेर? वर्ग दरवेळी दोन तट पाडतो. बाहेर धरलं असतं, तर ते न विचारलेले प्रश्न पहिल्या भेटीसारखे विचारले गेले असते, एवढं मात्र कोणी नाकारत नाही.

मुलगा

मुलाशी बोलल्यावर एक गोष्ट कळली. त्याला जांघेत गजकर्ण झालं होतं. पाटणच्या डॉक्टरांनी त्याला लहानपणापासून पाहिलंय, सुट्टीला गावी गेला की भेटही होते. त्यांना दाखवलं नाही. "डॉक्टरकाकांना हे कसं दाखवायचं?" त्याने ते त्याच अ‍ॅपवर, कोणातरी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवलं. त्याआधी तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावत होता, हेही त्याने त्या डॉक्टरला न लाजता सांगितलं. म्हणजे आईसाठी बिनकामाचा ठरवलेला अनोळखी डॉक्टर स्वतःसाठी त्यानेच निवडला होता. आईलेकाला यात विसंगती दिसत नाही, मलाही नाही. बीपीसाठी ज्याला मागचं माहीत आहे तो हवा, आणि जांघेसाठी ज्याला पुढे कधी तोंड दाखवावं लागणार नाही तो.

पुढे काय ठरलं

पाटणचे डॉक्टर आता थकलेत. त्यांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई बसायला लागल्या आहेत. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी स्वतः व्हिडिओ कॉल करून आक्कांशी त्यांची ओळख करून दिली: "आक्का, इथून पुढं मॅडम बघतील, तुमचा कागद मी त्यांच्याकडे दिलाय." त्या कॉलवर आक्का हो-नाही यापलीकडे बोलल्या नाहीत. सीएचओच्या कागदाची प्रत आता दवाखान्यात आहे, आणि दर कॉलला गोळ्यांची पिशवी कॅमेऱ्यासमोर रिकामी करायची असं ठरलंय. गुडघ्यांसाठी व्यायाम आणि लागलीच तर नुसती पॅरासिटामॉल.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी एकटीने कॉल केला, उपकेंद्रातून, सीएचओ बीपी घेऊन बाहेर गेल्यावर. पिशवी झाली, पाय झाले. मग आक्कांनी आपणहून सांगितलं की खोकल्यावर लघवी सुटते, बऱ्याच वर्षांपासून. म्हणून पाटणला जायचं असेल त्या दिवशी त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि एसटी लांब थांबली की जीव टांगणीला लागतो. फेब्रुवारीनंतर तपासायला न जाण्याचं कारण सगळ्यांनी पाऊस आणि शेती असं लिहून ठेवलं होतं. जुन्या डॉक्टरांच्या तीस वर्षांच्या केसपेपरवर लघवीच्या तक्रारीची एकही ओळ नाही.